लाख ओव्यांची अनुक्रमणी

१९९६ साली पुण्याची काही माणसे ध्वनिमुद्रणाची सामग्री घेऊन बीड जिल्ह्यातील माजलगाव येथे गेली. माजलगाव हे सिंदफणा नदीच्या काठचे तालुक्याचे गाव. तेथील भीमनगर ह्या वस्तीतील स्त्रियांनी त्यांना जात्यावरच्या ओव्या म्हणून दाखविल्या. ओवीचा घाट जुना, चाली जुन्या, सखीला हाक मारून सांगण्याची रीतही जुनीच. परंतु विषय नवा होता. त्या गात होत्या त्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांविषयी, भगवान बुद्धांविषयी, रमाबाईंविषयी. ज्या साच्यात शतकानुशतके माहेरचा भाऊ आणि पंढरीचा विठ्ठल बसत आला, त्याच साच्यात ह्या बायांनी आपला भीमराव आणून बसविला होता. हे मुद्रण आज सुरक्षित आहे, आणि ज्याला ऐकावयाचे असेल त्याला ते ऐकता येते. ते सुरक्षित राहिले ह्यापेक्षाही ते सापडते, ही गोष्ट अधिक नवलाची आहे.

हे नवल का, ते सध्याच्या सुशिक्षित घरांतील माणसांना समजावून सांगण्याची फारशी गरज नाही. अशा घरांतून आता गाण्यांचे भांडार तबकड्यांच्या कपाटात राहिले नसून संगणकाच्या डिस्कवर गेले आहे, आणि दिवाणखान्यातील लहानसा स्ट्रीमिंग प्लेअर ते भांडार वाचून हवे ते गाणे वाजवितो. गाणी पाचशे असेपर्यंत सारे सुरळीत चालते. ती वीस-पंचवीस हजारांवर गेली, की तक्रारी सुरू होतात. डिस्कवर असलेले गाणे यादीत दिसत नाही. एकाच गायिकेची तीन निरनिराळी नावे होतात. मराठी अक्षरांच्या जागी चौकोन किंवा प्रश्नचिन्हे उमटतात. आणि ज्यांना नावच मिळाले नाही अशी शेकडो गाणी ‘अज्ञात कलावंत’ ह्या एकाच कोंडवाड्यात जाऊन पडतात. अशा वेळी मनुष्य यंत्राला दोष देतो. परंतु बहुधा यंत्राने आपले काम चोख केलेले असते. त्याला जी नावे दिली, तीच त्याने दाखविली. दोष असतो तो नाव देण्याच्या पद्धतीत. आणि ही पद्धत ज्यांनी घडविली, त्यांच्यापुढे जात्यावरची ओवी कधी नव्हती.

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ ह्या १२व्या शतकातील संस्कृत ग्रंथात आहे. पुढे ग्रंथकारांनी तिला उचलून ग्रंथात नेले. परंपरा ज्यांना आद्य कवी मानते त्या मुकुंदराजांची समाधी बीड जिल्ह्यातच, अंबाजोगाईस दाखविली जाते. त्याच अंबाजोगाईत दासोपंत (१५५१ ते १६१५) होऊन गेले. त्यांचा ‘गीतार्णव’ सव्वा लाख ओव्यांचा होता असे परंपरा सांगते. त्यांना लिहिण्यासाठी रोज एका ढबू पैशाची शाई लागे, ही आख्यायिका तर त्या भागात सर्वश्रुत आहे. कागद पुरेना म्हणून की काय, ‘पंचीकरण’ हे प्रकरण त्यांनी सुमारे ४० फूट लांबीच्या कापडावर लिहून काढले. तीच प्रसिद्ध पासोडी. इतके प्रचंड लेखन, पण ते कोणाचे याविषयी घोटाळा होण्याची भीती त्यांनी ठेवली नाही. रचनेत ‘दिगंबरानुचर’ ही आपली मुद्रा घालण्याची त्यांची रीत होती. नामदेव, जनाबाई, तुकाराम यांच्या अभंगांतही अखेरच्या चरणात कर्त्याचे नाव येते. पोथी फाटली, पाने विस्कटली, तरी अभंग आपले गोत्र स्वतःच सांगतो. मुद्रा म्हणजे गाण्याच्या अंगावरच गोंदलेले नाव होय.

ग्रामोफोनच्या आरंभीही नेमकी हीच युक्ती कामास आली. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्यास गौहर जान हिचे गायन मुद्रित झाले. तबकड्या तयार व्हावयाच्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कामगारांना हिंदुस्थानी भाषा कशी कळणार? तेव्हा गाणे संपताच ती इंग्रजीत आपले नाव उच्चारी. त्यावरून तबकडीवर योग्य ती चिठ्ठी लागे. पुष्कळांना ती गायिकेची ऐट वाटत आली आहे. वस्तुतः ती अनुक्रमणीची सोय होती.

जात्यावरच्या ओवीला ह्यांपैकी काहीच नाही. तिला मुद्रा नाही, शीर्षक नाही, कर्ता नाही. दोन ओळींची ओवी आईकडून मुलीकडे, सासूकडून सुनेकडे जाते. जाताना एखादा शब्द बदलतो, एखाद्या भावाचे नाव बदलते. आणि तीच ओवी शंभर कोसांवरच्या दुसऱ्या गावी दुसऱ्या बाईच्या तोंडी तितक्याच हक्काने येते. ही माझी ओवी असे कोणी म्हणत नाही, आणि दुसऱ्याची आहे असेही कोणी म्हणत नाही. पहाटे दोघी जात्यावर बसल्या, की दळण संपेपर्यंत एकामागून एक ओव्या येत राहतात. त्यांतले एक गाणे कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले, हा प्रश्न गाणाऱ्या बाईला पडत नाही. तो पडतो यादी करणाऱ्याला.

पिठाच्या गिरण्या गावोगाव झाल्या आणि जाते बाजूला पडले. हे वाईट झाले असे म्हणणे शहरात बसलेल्या रसिकास सोपे आहे. पहाटे चारला उठून दोन पायल्या दळावयाचे ज्यांच्या नशिबी होते, त्या बायांनी गिरणीचे स्वागतच केले असणार. परंतु दळणाबरोबर गाण्याचे निमित्तही गेले. साने गुरुजींनी ‘स्त्री जीवन’मध्ये ओव्या एकत्र केल्या, डॉ. सरोजिनी बाबर यांनी लोकसाहित्याच्या मालेत त्यांना स्थान दिले. ही कामे मोठी खरीच. परंतु पुस्तकात शब्द राहतो, आवाज राहत नाही, आणि पुष्कळदा बाईचे नावही राहत नाही.

१९८० नंतरच्या दशकात हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ हे दोघे पुण्यात सेंटर फॉर को-ऑपरेटिव्ह रिसर्च इन सोशल सायन्सेस ही संस्था चालवीत होते. पॉइतवाँ जन्माने फ्रेंच. पण पुढे ते येथलेच झाले. पुणे जिल्ह्याच्या डोंगराळ भागातील गरीब डोंगरी संघटनेच्या कामात खेड्यांतील स्त्रियांशी त्यांचा संबंध आला. सभेत न बोलणारी बाई ओवीत सर्व काही बोलते, हे त्यांच्या ध्यानी आले आणि ओव्या उतरून घेण्यास आरंभ झाला. सुमारे दोन दशकांत ही संख्या १,१०,००० च्या वर गेली. गावे हजारांहून अधिक, गायिका तीन हजारांहून अधिक. दासोपंतांच्या सव्वा लाखाशी तोलावी अशी ही ओवीसंपत्ती, आणि तिच्यात मुद्रा एकाही ओवीला नाही!

एवढ्या ओव्या लावावयाच्या कशा? नावाने लावता येत नाहीत, कारण नाव नाही. पहिल्या शब्दावरून लावाव्यात, तर हजारो ओव्यांचा पहिला शब्द ‘बाई’ किंवा ‘सई’ असा. राईरकर आणि पॉइतवाँ यांनी ओवीच्या आशयावरून वर्गीकरण केले. मोठ्या विभागाला एक अक्षर, त्याखालच्या प्रकरणाला रोमन आकडा, त्याखाली पोटप्रकरणे आणि त्यांचेही पोटभेद. ओवी हातात आली की ती कशाविषयी बोलते ते ठरवावयाचे आणि तिला तो संकेतांक द्यावयाचा. हे काम शिपाईगिरीचे नव्हते. माजलगावची एखादी बाई बाबासाहेबांना आपला भाऊ म्हणते, तेव्हा ती ओवी भावाच्या प्रकरणात जावी की आंबेडकरांच्या? भावाखाली घातली, तर आंबेडकरी ओव्या शोधणाऱ्याला ती कधीच सापडणार नाही. आंबेडकरांखाली घातली, तर ओवीतील भावाचे नाते किती दूरवर ताणले गेले, हे बहीणभावांच्या ओव्या वाचणाऱ्याच्या नजरेतून सुटेल. ह्या वर्गीकरणात डॉ. आंबेडकरांच्या ओव्यांना स्वतंत्र प्रकरण मिळाले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. बाबासाहेबांनी औरंगाबादेस १९५० साली महाविद्यालय काढले. नागपूरचा धम्मदीक्षेचा सोहळा १९५६चा. ह्या घडामोडींची प्रतिध्वनी जात्यापाशी कशी उमटली, ह्याचा पुरावा हवा असेल तर माजलगावकडे वळावे लागते. परंतु देव, सण, सासर, माहेर एवढेच कप्पे असलेल्या कपाटात हा पुरावा ठेवला असता, तर तो असूनही नसल्यासारखाच झाला असता.

ही झाली शब्दांची व्यवस्था. आवाजाची अडचण निराळी होती. १९९० नंतरच्या दशकात सुमारे १२० तासांचे ध्वनिमुद्रण झाले, तेही डिजिटल फितींवर. फितीवरचा आवाज उत्तम; पण फीत मुकी असते. ह्या मिनिटाला कोण गात आहे आणि काय गात आहे, हे ती सांगत नाही. फ्रेंच संगणकतज्ज्ञ आणि संगीताचे अभ्यासक बर्नार्ड बेल हे ह्या कामात आले आणि त्यांनी शब्दांची सूची व ध्वनिफीत ह्यांची गाठ घालून दिली. प्रत्येक ओवीच्या नोंदीपाशी ध्वनिमुद्रणाचा क्रमांक लिहावयाचा, आणि त्या मुद्रणात ती ओवी कोणत्या मिनिटाला, कोणत्या सेकंदाला सुरू होते तो आकडा लिहावयाचा. फीत तोडावयाची नाही, ओव्या सुट्या करावयाच्या नाहीत. केवळ खुणेचा दोरा बांधून ठेवावयाचा. ह्या एका निर्णयात पुष्कळ शहाणपण होते. दळण जसे अखंड चालले, तसे ते अखंड ऐकता येते. आणि ज्याला एकच ओवी हवी, त्याला नेमकी तीच उघडता येते. प्रचलित परिमाणाने हिशेब केला, तर १२० तासांचा असा आवाज सुमारे ८३ गिगाबाइट भरतो. आज ती रक्कम खिशात मावते. १९९६ साली घरगुती संगणकाची डिस्क एकदोन गिगाबाइटची असे. डिजिटल फितीची यंत्रे तयार करणे सोनी कंपनीने पुढे २००५ साली बंद केले, म्हणजे फितींवर विसंबून राहणे किती धोक्याचे होते तेही कळून येते. हा संग्रह आधी गुरगावच्या ध्वनिसंग्रहालयात आणि नंतर फ्रान्समधील ऑर्टोलांग ह्या संग्रहात गेला.

योगायोग असा, की भीमनगरच्या बाया गात होत्या त्याच १९९६ साली, दूर पश्चिमेकडे संगणकावरील गाण्याला नावाची चिठ्ठी चिकटविण्याची पद्धत निघाली. तिचे नाव आयडी-थ्री. गाण्याच्या फाइलीच्या शेवटी १२८ बाइटांची जागा; तीत शीर्षकाला ३०, कलावंताला ३०, संग्रहाला ३० आणि सालाला ४. इंग्रजी अक्षरास एक बाइट पुरतो. देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा धरून, आज सर्वत्र चालणाऱ्या युनिकोडच्या यूटीएफ-आठ रीतीत तीन बाइट लागतात. आता ‘माजलगाव भीमनगर’ एवढेच त्या चिठ्ठीवर लिहून पाहावे. माजलगावला २१, मधल्या जागेला १, मग ‘भी’ला ६, उरले दोन, आणि ‘म’ला हवे तीन. वस्तीचे नाव ‘भी’पाशीच तुटते आणि तेथे एक प्रश्नचिन्ह उभे राहते. गाण्याचा प्रकार लिहिण्यासाठी त्या पद्धतीत मुळात ८० प्रकारांची ठरीव यादी होती. तीत पोल्का होता, डेथ मेटल होते, लोकगीत नव्हते. ते मागाहून दुसऱ्या कोणी वाढविले. पुढच्या आवृत्त्यांनी चिठ्ठी मोठी केली आणि जगातील सर्व लिप्यांना तीत वाट दिली हे खरे. परंतु कित्येक फाइलींत जुनी आणि नवी अशा दोन्ही चिठ्ठ्या एकत्र नांदतात, आणि प्लेअर कधी ही वाचतो, कधी ती. चौकोन आणि प्रश्नचिन्हे उमटतात ती पुष्कळदा एवढ्यासाठीच. जुनी चिठ्ठी काढून टाकून नवी तेवढी ठेवली, म्हणजे हे दुखणे जाते.

नावांचे दुहेरीकरण हा त्याहून सूक्ष्म विकार. जिल्ह्याचेच उदाहरण घेतले, तरी इंग्रजीत बीड, भीड, भीर अशी अनेक वळणे होऊन गेली आहेत. यंत्राच्या लेखी ती वेगवेगळी ठिकाणे. मराठीत लिहूनही सुटका नाही. ‘कऱ्हाड’ ह्या शब्दातील अर्धा र दोन रीतींनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण आतले संकेत निराळे. डोळ्यांना एक दिसणारे गाव यंत्र दोन समजते, आणि दहा गाणी एका गावात, बारा दुसऱ्यात अशी विभागणी होते. अशा वेळी एक रूप प्रमाण धरून सर्व नोंदी त्याच रूपात आणणे, एवढाच उपाय आहे. कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही.

काही यंत्रांची मर्यादा मात्र खरोखरीच असते. सोनोस कंपनीच्या प्रसिद्ध प्लेअरांनी घरगुती भांडारासाठी ६५,००० गाण्यांची सीमा ठेवली, आणि नावे लांब असतील तर ती त्याहूनही अलीकडे येते. प्रत्येक ओवी सुटी करून सव्वा लाखाच्या जवळपास फाइली केल्या, तर असे यंत्र अर्ध्या वाटेवरच थांबेल. म्हणून बेल यांचा दाखला घरीही उपयोगी पडतो. एका बाईचे एका बैठकीचे गाणे ही एकच फाइल ठेवावी आणि ओव्यांच्या मिनिट-सेकंदांची यादी सोबत ठेवावी. संग्रहाच्या रकान्यात गाव व साल लिहावे आणि ‘संग्रहाचा कलावंत’ ह्या रकान्यात सर्वत्र एकच शब्द घालावा, म्हणजे एकाच वस्तीच्या दहा गायिकांचे दहा संग्रह होत नाहीत. यादी करताना यंत्र मध्येच अडकत असेल, तर एखादी फाइल खराब आहे असे समजावे. ती शोधण्यासाठी सगळी तपासण्याचे कारण नाही. भांडाराचे दोन भाग करावेत, कोणत्या भागाशी यंत्र अडखळते ते पाहावे, त्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ६५,००० फाइलींतूनही दोषी फाइल अशा सोळा विभागण्यांत हाती लागते. हे सर्व मूळ संग्रहावर न करता प्रतीवर करावे, हे सांगावयास नकोच.

पॉइतवाँ २००४ साली आणि हेमा राईरकर २०१० साली वारल्या. त्यांच्या मागे ही अनुक्रमणी तशीच पडून राहिली असती. परंतु पी. साईनाथ यांनी स्थापिलेल्या ‘पारी’ ह्या ग्रामीण भारताच्या संग्रहाने २०१७ पासून ह्या ओव्या शब्द, आवाज आणि भाषांतर यांसह प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. माजलगावच्या ओव्या त्यांत आरंभीच आल्या, आणि पारीची माणसे गायिकांच्या शोधात त्या भागात पुन्हा जाऊन आली. कोणाकडे जावयाचे हे त्यांना ठाऊक होते, कारण १९९६ साली ओवीबरोबर बाईचे नाव आणि गावही लिहून घेतलेले होते.

पारीवर अशा ओव्यांखाली गायिकेची माहिती येते: नाव, गाव, तालुका, जिल्हा, वय, जात, मुले किती, उदरनिर्वाह कशावर, आणि मुद्रणाची तारीख. घरच्या प्लेअरात ह्यांपैकी नाव आणि साल एवढ्यांनाच हक्काची जागा असते. उरलेले सगळे शेरा लिहिण्याच्या रकान्यात घालावे लागते, आणि पुष्कळ यंत्रे तो रकाना पडद्यावर दाखवीत नाहीत. रचनाकाराचा रकाना मात्र बहुतेक सर्व दाखवितात. माजलगावच्या ओवीपाशी तो रिकामा ठेवला, तर यंत्र तेथे आपण होऊन ‘अज्ञात’ असे लिहिते.